बारा मीटर दगड

"गेला कुठं मग?" हरकारे सरांनी डोळ्याचं भिंग काढलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच तो पदराआड लपवून नेला असावा.

"मला काय माहीत, सर?"

"गॅस खाली कोणी सोडला? व्हॉल्व्ह तूच उघडलास. फोटो आहे माझ्याकडे."

"सोडला मीच. पुढं काय होणार ते तुम्ही सांगितलं होतं. तुमच्या सिद्धांताला विचारा."

अशी फटकन उलट बोलायची मला सवयच होती. सर चिडायचे, मग हसायचे. त्या सोमवारी हसले नाहीत. भिंग पुसून पुन्हा डोळ्याला लावलं आणि चौथ्यांदा त्याच दगडावर वाकले.

याला आता चौदा वर्षं झाली. सिन्नरच्या पलीकडं काळामाळ म्हणून एक उजाड पठार आहे, तिथं आमची पत्र्याची शेड होती. शेडमध्ये लाकडी टेबलं, टेबलांवर तीन लांबट पेट्या आणि पेट्यांमध्ये, खाचांत ओळीनं मांडलेला, बारा मीटर दगड. जमिनीखाली चारशे मीटरवरून काढलेला. मनगटाएवढ्या जाडीचे दंडगोल तुकडे, आम्ही त्याला कोअर म्हणायचो.

सांगायला गेलं तर आमचं काम अगदी सोपं होतं. कारखान्याच्या डिस्टिलरीतून कार्बन डायऑक्साइड टँकरनं आणायचा, तो पाण्यात दाबून मिसळायचा, म्हणजे साधा सोडाच करायचा, आणि तो सोडा बोअरमधून खाली काळ्या दगडात सोडायचा. हे आंबट पाणी दगड कुरतडतं. दगडातला चुना सुटतो. चुना आणि गॅस एकत्र आले की पांढरा दगड तयार होतो. एकदा दगड झाला की गॅस निसटायची भीतीच संपली. सरांनी अकरा वर्षं ह्या एका गोष्टीच्या मागं घालवली होती, आणि तीन महिन्यांनी ते निवृत्त होणार होते.

तीनशे टन गॅस खाली सोडून तेरा महिने झाले होते. आता शेजारीच दुसरं भोक पाडून आम्ही त्याच खोलीवरचा दगड वर काढला होता. त्याच्या भेगांमध्ये पांढरा नवा थर दिसला पाहिजे, बस्स. गुरुवारी दिल्ली-मुंबईची समिती यायची होती. थर दिसला, तर काळ्यामाळावर चाळीस विहिरी मंजूर, आणि वीजकेंद्राचा धूर नळानं आणून वर्षाला लाखो टन खाली घालायचा. नाही दिसला, तर शेडला कुलूप.

आणि थर नव्हता. काहीच नव्हतं.

बरं, गॅस खालच्या पाण्यातही उरला नव्हता, ते आम्ही दर पंधरवड्याला तपासत होतो. गावातल्या चौदा विहिरी तपासल्या, तिथंही नाही. सरपंच मला भेटला की विचारायचा, "मॅडम, आमच्या विहिरीला सोड्याची चव कधी येणार?" तो चेष्टेनं विचारायचा, पण त्याच्या बायकोनं पिण्याचं पाणी दुसरीकडून आणायला सुरुवात केली होती. पाण्यात नाही, विहिरींत नाही, दगडात नाही. समितीत एक गृहस्थ होते, ते पहिल्या दिवसापासून म्हणत होते की हा गॅस कुठल्या तरी फटीतून हवेत जाणार. आता आम्ही त्यांना कुठल्या तोंडानं नाही म्हणणार होतो?

सरांनी अॅसिडची बाटली घेतली. ड्रॉपरनं एक थेंब भेगेवर सोडला. नवा पांढरा दगड असता तर थेंब फसफसला असता. थेंब गप्प बसून राहिला. दुसऱ्या तुकड्यावर टाकला. तिथंही गप्प.

"किती सुंदर आहेत पण ह्या गारगोट्या," मी म्हटलं. खरंच होत्या. काळ्या दगडाच्या पोकळ्यांत गारगोट्या चमकत होत्या, कुठं पाण्यासारख्या नितळ, कुठं पिठूळ गुलाबी. कोट्यवधी वर्षं जुन्या. त्या अॅसिडला दाद देत नाहीत.

"सुंदर आहेत," सर म्हणाले, "पण मला सुंदर नको होत्या गं."

एवढ्यात साळूमावशी चहा घेऊन आली. आमची तोंडं बघून दारातच थबकली.

"काय झालं? कोन गेलं का?"

"गॅस गेला, मावशी," मी म्हटलं.

"कुठं?"

"तेच शोधतोय."

"सापडंल," ती म्हणाली आणि सरांच्या हातात कप दिला. "आधी च्या घ्या. सकाळधरनं पोटात काय न्हाई तुमच्या."

साळूबाई धोत्रे. साठीच्या आसपासची, काटक, कपाळावर मोठं गोंदण. वडाराच्या घरातली. नवरा असेपर्यंत दोघांनी मिळून ह्या भागात दीड-दोनशे विहिरी खणल्या होत्या. सुरुंग उडाला की कधी कधी दगडाच्या पोटात गारगोट्यांचा खण उघडायचा. त्या अलगद काढायच्या, साफ करायच्या आणि हायवेवरच्या व्यापाऱ्याला विकायच्या. नवरा गेल्यावर तिनं खणणं सोडलं, गारगोट्या काही सोडल्या नाहीत. कोअर धुवायला कोणीतरी हवं होतं तेव्हा मीच सरांना तिचं नाव सांगितलं होतं. दगड हातात घेऊन तो कुठल्या बाजूनं फुटेल हे ती बघताक्षणी सांगायची. आमच्याकडचे दोन पीएचडी तिच्यापुढं गप्प बसायचे, त्यांतली एक मी.

मंगळवारी मला झोपेतून उठल्यापासून एकच गोष्ट टोचत होती. गारगोट्या एवढ्या चमकतात कशा? बोअरमधून दगड वर येतो तो राखाडी चिखलात लडबडलेला. धुतला तरी कोपऱ्याकापऱ्यांत मळ राहतो, ओशट दिसतो. हा दगड तर शोकेसमधून काढल्यासारखा होता. मी भिंग घेऊन पुन्हा बघितलं. एका भेगेच्या अगदी आतल्या टोकाला, जिथं सुई जाणार नाही तिथं, मळकट काहीतरी दिसलं. केसभर असेल नसेल.

मी शेडच्या मागं गेले. मावशी कडुनिंबाखाली पाटावर बसली होती. समोर निळा प्लास्टिकचा टब, शेजारी जुने टूथब्रश तीन, दात कोरायच्या काड्या, एक मोठी सुई आणि कागदी पुडी.

"पुडीत काय आहे, मावशी?"

"लिंबूसत्व."

"सरबत करताय?"

"सरबत कशाला! दगडाला." ती हसली. "तुमच्या दगडाला लई कीट बसलं व्हतं. पाण्यानं हलंना. म्हनलं, आपल्या परीनं करावं. लिंबूसत्वाच्या पान्यात सकाळी घातलं का तिसऱ्या पहरापर्यंत कीट मऊ पडतं, मग ब्रश मारायचा. आतून मोती निघतो मोती."

मी तिथंच मातीत बसले.

"कीट कसलं होतं?"

"पांढुरकं. मळकं. चुन्याची पापडी धरती ना माठाला, तसं. गारगोटीच्या वर बसलं व्हतं समदं. गारगोटी झाकून टाकली व्हती मेल्यानं."

"आणि पाण्यात घातल्यावर?"

"फसफसलं की!" तिचे डोळे चमकले. "एवढं फसफसलं, म्या डबा घिऊन आलेल्या सुनेला हाक मारून दावलं. म्हनलं, ये, बघ, सोडा फोडल्यावानी बुडबुडं. आमच्या जुन्या गारगोट्यांना एवढं कव्हाच न्हाई येत."

अकरा वर्षांचं काम, तेरा महिन्यांची वाट, तीनशे टन गॅस. आणि जो काही दगड होऊन वर आला होता, तो माझ्या साळूमावशीनं ह्या निळ्या टबात, ब्रश मारून, पुन्हा हवेत सोडून दिला होता.

मी ओरडले. काय काय ओरडले ते आता आठवत नाही, बरंच वाईट बोलले असणार. अक्कल काढली, एवढं आठवतं. कुणी सांगितलं होतं हे शहाणपण करायला, असंही विचारलं.

मावशी उठली नाही. हातातला ब्रश खाली ठेवला आणि पदराला हात पुसले.

"तुमीच सांगितलं," ती म्हणाली.

"मी?"

"मोठ्ठी लोकं बघायला येनारेत, मावशी, एक कण राहता कामा नये, लख्ख झालं पाहिजे. ह्याच टबापाशी उभं राहून म्हनलात. मंग लख्ख केलं."

खरं होतं. शब्दन् शब्द खरा होता. तिच्या धंद्यात दगड धुणं म्हणजे हेच. वरचा कीट काढायचा, आतली गारगोटी दाखवायची, तेव्हा कुठं गिऱ्हाईक बघतं. माझ्या धंद्यात धुणं म्हणजे चिखल काढायचा आणि थांबायचं. हा फरक तिला सांगायचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मला वाटलं, धुणं म्हणजे धुणं, त्यात काय सांगायचं?

"ते टबातलं पाणी?" मी विचारलं.

"वतलं." तिनं कडुनिंबाकडं हात केला.

मला रडू फुटलं. मी अशी सहसा रडत नाही, पण त्या दिवशी हुंदके देऊन रडले. सरांना जाऊन काय सांगू? मावशीचा चेहरा बदलला. आधी तो माझ्यावरच्या रागाचा होता, आता भीतीचा दिसायला लागला.

"समदं न्हाई धुतलं," ती हळूच म्हणाली.

"काय?"

"एक तुकडा हाय. न धुतलेला."

"कुठं? पेट्यांत तर..."

"घरी."

शेडच्या दारावर लाल अक्षरांत पाटी होती, कोअरचा तुकडाही बाहेर नेल्यास पोलीस कारवाई केली जाईल. पाटी मीच रंगवून घेतली होती. मावशीला वाचता येत नव्हतं, पण तिला ती वाचून दाखवलेली होती. दोनदा.

मी स्कूटर काढली, तिला मागं बसवलं. वस्ती तीन किलोमीटरवर होती. रस्त्यात ती एकदाच बोलली, "म्या चोर न्हाई, म्याडम." मी म्हटलं, "घट्ट धरून बसा."

तिच्या घरात देव्हारा भिंतीच्या कोनाड्यात होता. खंडोबाचा टाक, यल्लम्माचा फोटो, आणि त्यांच्या पायाशी रांगेनं दगड. बोराएवढे, मुठीएवढे, निदान साठ-सत्तर तरी. सगळे मळके, सगळ्यांवर हळदीकुंकवाचे जुने डाग.

"ह्ये आमचं असं असतं," ती दगडांकडं बघत म्हणाली. "नवी विहीर खनली का तिची पहिली गारगोटी विकायची न्हाई. धुवायची बी न्हाई. जशी निघाली तशी देवापुढं ठिवायची. आपुन धरतीचं पोट फाडतो, मंग पहिलं तिचं तिला. माझ्या सासूनं मला सांगितलं, तिला तिच्या सासूनं. तुमचं भोक काय विहीर न्हाई, पर माझ्या हाताखालनं गेलं ना पहिलं. मला ऱ्हाववलं न्हाई."

रांगेच्या शेवटी तो होता. बोटाएवढा लांब, काळा, एका बाजूनं भेग. आणि भेगेत, गारगोट्यांच्या डोक्यावर, मळकट पांढरा थर. पापडीसारखा. मी भिंग लावलं.

थर गारगोट्यांच्या वर बसला होता. वर बसलेलं नंतर आलेलं असतं, हे शाळेतलं पोरही सांगेल. मी खिशातून अॅसिडची छोटी बाटली काढली.

"एक थेंब टाकू? अगदी कोपऱ्यात."

तिनं आधी देवाकडं बघितलं, मग मान हलवली.

थेंब पडला आणि फसफसला. बारीक, दाट बुडबुडे, तेलात मोहरी टाकल्यासारखे. मावशी वाकून बघत होती. "ह्योच," ती म्हणाली, "आस्संच समदं फसफसलं व्हतं."

शेडमध्ये परत आलो तेव्हा सर टेबलाशीच होते. मी सगळं सांगितलं, माझं वाक्यही सांगितलं. तुकडा हातात घेऊन ते दुसऱ्या पेटीतल्या तिसऱ्या ओळीकडं गेले. तिथं नऊ सेंटिमीटरची मोकळी जागा होती. काढताना दगडाचा भुगा होतो, काही भाग हरवतो, तसाच हाही हरवला असं समजून मी तिथं लाकडी ठोकळा ठेवून वहीत नोंदही केली होती. सरांनी ठोकळा काढला, तुकडा ठेवला. दोन्हीकडच्या तुटलेल्या कडा अशा जुळल्या की मध्ये नख जाईना.

सरांनी डोळे मिटले. मग खुर्ची ओढून बसले आणि किती तरी वेळ हसले. मग म्हणाले, "मंजिरी, हळदीकुंकू पुसून घे. मऊ ब्रशनं, कोरड्या. आणि इथंच राहू दे."

"नोंद?"

"ठोकळ्याची नोंद खोड. तुकडा सापडला म्हण. चिखलात सापडला."

मला पटलं. आज लाज वाटते, पण मला तेव्हा लगेच पटलं. तुकडा ह्याच जागेचा होता, थर खरा होता, कोणाचीच फसवणूक होत नव्हती. सरांचं स्वप्न वाचत होतं, मावशी पोलिसांपासून वाचत होती, आणि मी माझ्या मूर्खपणापासून. मी ब्रश हातात घेतला.

"आन् म्या धुतल्यालं बाकीचं?" मावशी दारात उभी होती.

"ते राहू द्या, मावशी," मी म्हटलं. "कोणाला कळणार नाही. तुमचं नाव कुठंच येणार नाही."

"ते न्हाई इचारत. समितीनं इचारलं, ह्या एकावरच कसं, बाकीच्यांवर का न्हाई, तर काय सांगनार?"

"नैसर्गिक फरक असतो," सर म्हणाले. "कुठं थर बसतो, कुठं नाही."

"आन् ते खरं धरतील?"

"धरतील बहुतेक."

"मंग म्हंजे कागदावर असं ऱ्हानार, की बारा मीटरात बोटभरच जमलं."

सरांनी भिंग काढून पुसायला घेतलं.

"बारा मीटर भरून व्हतं, साहेब," मावशी म्हणाली. तिचा आवाज चढला. "ह्या हातानं म्या काढलंय. तीन दिस काढत व्हते, बोटं सोलून निघाली. तुमी जे खाली करायला गेलात ते झालं व्हतं, भरपूर झालं व्हतं, आन् तुमी कागदावर बोटभर लिवनार?"

"मावशी, तुम्हाला समजत नाही—" मी म्हटलं.

"मला न्हाई समजत? बरं. तुमी चाळीस भोकं पाडनार ना? चाळीस ठिकानी दगड धुवायला कोन बसवनार? आमच्यातल्याच बाया ना? माझी पुतनी, माझी सून. लिंबूसत्व समद्यांच्या घरात हाय. त्यांना कोन सांगनार, का धुवू नका म्हनून?"

"आम्ही सांगू की."

"का सांगनार? आज तर काय झालंच न्हाई म्हनताय."

शेडमध्ये पत्रा तापून टकटक वाजत होता. सर पेटीतल्या त्या तुकड्याकडं बघत होते. मला वाटलं ते चिडणार. त्यांनी माझ्याकडं मान वळवली आणि विचारलं, "पोलिसांचं काय? पाटी तूच लावलीस."

"म्याडम लिवतील ते लिवतील," मावशी म्हणाली. "मला चोर लिवलं तरी चाललं. पर बारा मीटर लिवा."

मी ब्रश टेबलावर ठेवला. ठोकळा परत नऊ सेंटिमीटरच्या जागी बसवला आणि तुकडा वेगळ्या पिशवीत, हळदीकुंकवासकट.

गुरुवारी समितीतले सहा जण आले. अध्यक्ष डॉ. लोवलेकर म्हणून एक कडक बाई होत्या, केस पांढरे, बोलणं मोजकं. मी उभं राहून सगळं वाचून दाखवलं. मी दिलेली सूचना, लिंबूसत्व, टब, ब्रश, कडुनिंब, देव्हारा. देव्हाऱ्याशी आल्यावर एक जण हसले. फटीतून गॅस जाणार म्हणणारे गृहस्थ मात्र हसले नाहीत. ते पुढं सरकून ऐकत होते.

"त्यांना बोलवा," लोवलेकर मॅडम म्हणाल्या.

मावशी आली. नवं लुगडं नेसून आली होती.

"तुम्ही तुकडा घरी नेलात?"

"नेला, बाई."

"न्यायचा नाही हे माहीत होतं?"

"माहीत व्हतं."

"जे धुतलं, ते किती होतं? अंदाजे सांगा."

मावशीनं अंदाज सांगितला नाही. ती पेट्यांजवळ गेली, एकेक तुकडा दाखवत सुटली. ह्या भेगेत एवढा जाड, नखाएवढा. इथं पातळ, पण गच्च. ह्या भोकात अजिबात नव्हता, कारण भोक बंद होतं, पाणी पोचलंच नसंल. इथं खालच्या बाजूला जास्त, वर कमी. चाळीस मिनिटं बोलत होती. पाणी खाली कुठून कसं फिरलं, हे आम्ही संगणकावर आठ महिने मांडत होतो. तिचं बोलणं त्याच्याशी जवळजवळ जुळत होतं, आणि जिथं जुळत नव्हतं, तिथं पुढं आमचंच चुकलेलं निघालं. ते गृहस्थ वहीत भराभर उतरवून घेत होते.

मग लोवलेकर मॅडमनी चष्मा काढला.

"हरकारे, माझा विश्वास बसलाय," त्या म्हणाल्या. "पण पुरावा म्हणून यातलं काहीच घेता येत नाही. तुकडा आठ दिवस घरात होता. बाकीचं धुतलंय. चाळीस विहिरींना मी सही करू शकत नाही."

"समजतं," सर म्हणाले. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"खोटं हाय का ह्ये?" मावशीनं विचारलं.

"खरं आहे," मॅडम म्हणाल्या. "म्हणूनच आणखी एक भोक पाडायची परवानगी देतेय. एकच. आणि ह्या वेळी दगडाला हात कोण लावणार, ते ठरवून कळवा."

पोलिसांचं नाव कोणी काढलं नाही. मशीन दुसऱ्या कामावर गेलेलं होतं, मग पाऊस आला, माळावर गाडी चढेना. सात महिने गेले. मधे ऑगस्टअखेर सर निवृत्त झाले. शाल-श्रीफळाच्या कार्यक्रमात सगळे त्यांच्या चिकाटीबद्दल बोलले, यशाबद्दल बोलायला कोणाकडं काही नव्हतं. मी मागच्या खुर्चीवर बसून होते. माझ्या एका वाक्यानं हे झालं, हे त्यांनी मला कधीही ऐकवलं नाही. ऐकवलं असतं तर बरं वाटलं असतं.

डिसेंबरात दगड वर आला. मी सरांना फोन केला, फक्त "या" म्हटलं. ते पुण्याहून एसटीनं आले, फाट्यावरून चालत. शेडच्या दारात मावशी उभी होती. तिनं दोन्ही हात आडवे धरले.

"हात लावायचा न्हाई, साहेब. बघायचं लांबनं."

"बरं," सर म्हणाले आणि त्यांनी दोन्ही हात पाठीमागं बांधले.

दगड तसाच होता, चिखलासकट. साध्या पाण्याची हलकी धार सोडून जेवढा गेला तेवढाच चिखल काढलेला. आणि ओळीमागून ओळ, भेगाभेगांत, गारगोट्यांच्या डोक्यावर, मळकट पांढरी पापडी. बारा मीटर. सर वाकून, हात पाठीशी ठेवून, पहिल्या पेटीपासून शेवटच्या पेटीपर्यंत चालत गेले. मग परत आले. त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि हात बांधलेले असल्यामुळं त्यांना ते पुसताही येत नव्हतं.

"फसफसलं का?" त्यांनी विचारलं.

"अजून कुनी थेंब टाकला न्हाई," मावशी म्हणाली. "तुमच्यासाठी थांबलोय."

एक सुटा कण होता, डाळीच्या दाण्याएवढा, नोंद करून बशीत वेगळा काढलेला. मावशीनं ड्रॉपर सरांच्या हातात दिला. सरांनी थेंब टाकला. बुडबुडे आले, एकावर एक, बशीत पांढरा फेस उठला. आम्ही तिघं डोकी जुळवून बघत राहिलो. मी आनंदानं दुसरा थेंब टाकायला बाटली पुढं केली, तशी सरांनी माझा हात घट्ट धरला.

"पुरे, पुरे," ते म्हणाले. "किती मुश्किलीनं बसवलाय गं त्याला खाली. सुटतोय तो."